पावसाळी फुलांची चित्रं, पावसाळ्यातच : प्रदर्शनाच्या कामाच्या नोंदी

विषय : सह्याद्रीतल्या पावसाळी वनस्पती, कागदावर जलरंग. पाच चित्रकार, ३८ चित्रं, बहुतेक ए-३ मापाची. जागा : पुण्याच्या पेठेतलं तळमजल्याचं दालन, ९ × ७ मीटर, पश्चिमेची भिंत रस्त्याला लागून. काळ : २१ सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर २०२४, रोज ११ ते ७. जानेवारीत भरवलं असतं तर निम्मं काम वाचलं असतं. पण चित्र बघून शनिवार-रविवारी लोकांनी तेच फूल डोंगरावर ओळखावं, हा हेतू असल्याने पावसाळाच धरला.

१५ जून

५१ चित्रांतून ३८ निवडली. निवडताना प्रत्येक चित्राची अवस्था-नोंद केली : पुढून एक फोटो, मागून एक, आणि टॉर्च कागदाला जवळजवळ टेकवून बाजूने एक. तिरक्या उजेडात कागदाची लाट, खरवडलेली जागा, रंगाचा जाड थर असं सगळं दिसतं. समोरच्या उजेडात यातलं काही दिसत नाही. सात चित्रांना आधीच लाटा होत्या. त्यातली पाच २०० ग्रॅमच्या (चौरस मीटरला वजन) कागदावरची आहेत. ३०० ग्रॅमच्या गुळगुळीत सुती कागदावरची बहुतेक सगळी सपाट राहिली आहेत.

कागद गुळगुळीत, म्हणजे गरम रुळांतून दाबून काढलेला, का लागतो हे आषाढ आमरी या ऑर्किडच्या चित्रात कळतं. ओठ-पाकळीची कड केसाएवढ्या रेषेने काढलेली आहे. खरखरीत कागदावर ही रेष तुटक उमटली असती.

२२ जून

दालनात तीन आर्द्रतामापक ठेवायचे ठरले. स्वस्तातले डिजिटल घेतले, त्यामुळे आधी त्यांची परीक्षा. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ओल्या वाळूसारखं होईल इतपतच पाणी घातलं (मीठ विरघळून गेलं तर उपयोग नाही), आणि झाकण व मापक एका हवाबंद डब्यात बारा तास ठेवले. डब्यातली आर्द्रता ७५ टक्के व्हायला हवी. एकाने ७४ दाखवली, दुसऱ्याने ७१, तिसऱ्याने ८०. तिघांच्या पाठीवर दुरुस्तीचा आकडा चिकटवला : +१, +४, −५. ही परीक्षा न करता ‘मापक ५५ दाखवतो आहे’ म्हणून निर्धास्त राहिलो असतो, तर दुसऱ्या मापकापाशी प्रत्यक्षात ५९ असती.

ओल कुठून येते ते बघायला पश्चिमेच्या भिंतीवर ४५ सेंमी चौरस प्लॅस्टिकचे चार तुकडे चारी कडांनी टेप लावून बंद केले.

उजेडात कुठला रंग उडतो ते बघायला खिडकीत रंगांच्या पट्ट्याही आजच लावल्या : पाचही चित्रकारांच्या पेटीतला प्रत्येक गुलाबी, जांभळा आणि पिवळा रंग, निम्मी पट्टी अॅल्युमिनियम फॉइलखाली झाकलेली. पावसाळी उजेडात परीक्षा सावकाश होते. मे महिन्यात लावायला हव्या होत्या.

२४ जून

प्लॅस्टिकचे तुकडे काढले. तिघांच्या आत काही नाही; खाली डावीकडच्या चौथ्यात भिंतीच्या बाजूला दवाचे थेंब. म्हणजे ओल भिंतीतून येते आहे, हवेतली नाही. हवेतली असती तर थेंब प्लॅस्टिकच्या बाहेरून दिसले असते. या भिंतीच्या खालच्या भागाचं प्लॅस्टर दोनदा झालं आहे, तरी खपल्या सुटतात. ठरलं : पश्चिमेच्या भिंतीवर मूळ चित्र एकही नाही. तिथे माहितीचे फलक आणि छापील प्रती.

१ जुलै

नावांची आणि अवयवांची तपासणी. दिवसभर चाललं आणि अजून संपलेलं नाही.

कळलावी (ग्लोरिओसा सुपर्बा) : सहा पाकळ्या मागे वळलेल्या, कडा लाटदार, पानाच्या टोकाला वेढा घेणारा ताणा, आणि परागवाहिनी मुळाशीच काटकोनात वळलेली. चित्रात सगळं बरोबर, पुंकेसर मात्र पाचच. सहावा पाकळीमागे झाकला गेला आहे, असं चित्रकर्तींचं म्हणणं. मूळ रेखाटनात तो खरंच मागे आहे. तरीही टोकाचा परागकोश डोकावायला हवा होता. वनस्पतीचित्रात ‘दिसत नव्हता’ हे उत्तर चालत नाही. त्यांनी शेजारच्या मोकळ्या जागेत उघडलेल्या फुलाचं छोटं रेखाटन भरून दिलं. पाकळ्यांवर काही खरवडायला लागलं नाही.

आषाढ आमरी (हॅबेनारिया ग्रॅन्डिफ्लोरिफॉर्मिस) : जमिनीला चिकटलेलं गोलसर पान एक, क्वचित दोन. एका चित्रात दांड्यावर अरुंद पानं चढत गेली आहेत. फूल एका आमरीचं आणि पानं भलत्याच आमरीची, असा प्रकार. दोन सहलींतली रेखाटनं घरी बसून जोडली की हे होतं. चित्र बाद. (३८ चा आकडा राखण्यासाठी वायतुरा घेतला. त्याचा दुभंगलेला तुरा सुरेख उतरला आहे.)

कंदीलपुष्प : पाकळ्यांची पाच टोकं वर एकत्र जुळून पिंजरा होतो. पाच मोजली. नळीच्या उभ्या छेदात आतले खाली झुकलेले केसही दाखवले आहेत. माशी आत जाते ती यांच्यामुळे लगेच बाहेर येऊ शकत नाही. केस सुकून मऊ पडले की सुटते. हा छेद चित्राच्या तळाशी टपालाच्या तिकिटाएवढा आहे, म्हणून हे चित्र बाकीच्यांपेक्षा दहा सेंमी खाली टांगायचं.

शिंदळ माकुडी या वनस्पतीच्या नावावर वाद झाला. वनस्पतिशास्त्रज्ञ डालझेलने १८६५ साली ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव दिलं, त्यात मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रियर याची आठवण. पुढे अभ्यासकांनी तिला ‘बाउसेरोसिया’ वंशात नेलं. आपल्याकडच्या निसर्गप्रेमींच्या तोंडी अजून फ्रेरियाच आहे. पाटीवर आधी मराठी नाव मोठं, खाली आजचं शास्त्रीय नाव तिरक्या अक्षरांत, त्याखाली ‘पूर्वीचं नाव : फ्रेरिया इंडिका’. एकाच माहितीस्रोतातली नावं सगळीकडे वापरायची, नाहीतर एका पाटीवर जुनं आणि शेजारच्या पाटीवर नवं असं कडबोळं होतं. कुळाचं नाव मात्र सरळ अक्षरांत.

आणखी एक : चार चित्रांवर ‘× २’, म्हणजे दुप्पट मोठं काढलेलं, असं लिहिलं आहे. मूळ चित्रावर ते खरं. पत्रिकेवर किंवा छापील प्रतीवर माप बदलताच खोटं. प्रतींसाठी आकडा पुसून १ सेंमीची मापरेषा घातली. ती चित्राबरोबर लहान-मोठी होते.

९ जुलै

खिडकीतल्या पट्ट्या १७ दिवसांनी उघडल्या. ढगाळ हवेतही ‘ऑपेरा’ गुलाबीने हाय खाल्ली : झाकलेला भाग फ्लेक्सच्या बॅनरसारखा झगझगीत, उघडा भाग साधा थंड गुलाबी. कारण त्या नळीत दोन द्रव्यं असतात. झगझगीतपणा देणारं रोडामाइन (रंगद्रव्याचा क्रमांक बीव्ही १०) उजेडात जातं, आणि खालचं क्विनाक्रिडोन (पीआर १२२) टिकतं. जुन्या पद्धतीचा अलिझरिन क्रिमसन (पीआर ८३) किंचित उतरलेला वाटतो, नक्की सांगायला अजून महिना हवा. पीव्ही १९ या द्रव्याचे गुलाबी ढिम्म हललेले नाहीत.

तेरड्याच्या दोन चित्रांत ऑपेरा भरपूर आहे, आणि खरं सांगायचं तर डोंगरउतारावरचा तेरड्याचा रंग दुसऱ्या कशाने तितका साधत नाही. चित्रं ठेवायची, पण आतल्या कोपऱ्यात, उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर नाही. या दोन चित्रांच्या छापील प्रती विकायच्या नाहीत. झगझगीत गुलाबी स्कॅनरलाही नीट पकडता येत नाही आणि शाईलाही. नमुना छापून बघितला, तेरड्याऐवजी फिकट गुलाब दिसतो.

उजेडाचा हिशेब : ५० लक्स × ८ तास × १५ दिवस = ६,००० लक्स-तास. खिडकीशेजारी २,००० लक्स असतात, तिथे तेवढीच झीज तीन तासांत.

१८ ते २० जुलै

माउंटचं, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीचं काम. आम्लरहित बोर्ड, दीड मिलिमीटर जाड, वर आणि बाजूंना ७ सेंमी, खाली साडेआठ. खालची पट्टी सारखी ठेवली तर चित्र घसरल्यासारखं दिसतं.

चित्र मागच्या बोर्डाला फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी टांगायचं, जपानी कागदाच्या बिजागऱ्यांनी. कागद हवेतला ओलावा पिऊन पसरतो. चारी बाजूंनी चिकटवला तर पसरायला जागा राहत नाही, मग तो मधे फुगतो, आणि सात चित्रांना आलेल्या लाटांपैकी निदान दोन लाटा याच कारणाने आलेल्या आहेत.

खळ घरीच केली. गव्हाचं शुद्ध स्टार्च एक वाटी, पाणी पाच वाट्या. अर्धा तास भिजत ठेवून मंद आचेवर सतत ढवळत २५ मिनिटं. आधी दूध, मग दही, मग पारदर्शक होऊन चमच्यावरून जाडसर ओघळायला लागली की उतरवायची. गार झाल्यावर बारीक चाळणीतून दोनदा, मग थेंब थेंब पाणी घालत साईसारखी सैल. कुरडयांसाठी काढतात तो चीक चालेल का, असं विचारणं झालं. तत्त्व तेच, पण तीन दिवस भिजून तो आंबलेला असतो. चार-पाच पाण्यांनी धुऊन आंबटपणा गेला तरच, आणि आपल्याला तेवढा वेळ नाही. पुस्तकबांधणीवाले खळीत मोरचूद घालतात, कसर लागू नये म्हणून. इथे अजिबात नाही, त्याने कागदावर डाग येतो. बिनमोरचुदाची खळ फ्रिजमध्येही चार-पाच दिवसांपलीकडे टिकत नाही, म्हणून रोज पुरेल तेवढीच केली.

बिजागरी : जपानी कागद कात्रीने न कापता पाण्याची रेघ ओढून फाडायचा, म्हणजे कडेला तंतू सुटतात आणि चित्रावर पुढून वळ उमटत नाही. ४ × २ सेंमीचा तुकडा, त्यातला ५ मिलिमीटर भाग चित्राच्या पाठीवर. खळ लावली की ती जवळजवळ कोरडी दिसेपर्यंत थांबायचं, मग चिकटवून वर टीपकागद, त्यावर काच आणि अर्धा किलोचं वजन, ४० मिनिटं. घाई केलेल्या पहिल्या दोन बिजागऱ्यांमागे कागद सुरकुतला. पाण्याने ओलवून काढल्या, पुन्हा लावल्या. खळीचा फायदा हाच, केलेलं परत उलटवता येतं. सेलोटेपला ते जमत नाही.

२ ऑगस्ट

फ्रेमवाल्याकडून पहिल्या १२ फ्रेमा आल्या. तीन गोष्टी सांगून-लिहून देऊनही चुकल्या.

एक, पाठीला हार्डबोर्ड. तो आम्ल सोडतो आणि ओल धरतो. बदलून पोकळ नळ्यांची पीपी (प्लॅस्टिकची) शीट, ३ मिलिमीटर.

दोन, काचेऐवजी घेतलेलं अॅक्रिलिक खाचेत ठासून बसवलं. अॅक्रिलिक काचेपेक्षा बरंच जास्त फुगतं : ६० सेंमीच्या तुकड्यात २० अंशांच्या फरकाने जेमतेम एक मिलिमीटर, शिवाय ओलाव्याचं वेगळं. जागा नसेल तर ते कमानीसारखं वाकून चित्राला टेकतं. प्रत्येक बाजूला २ मिलिमीटर मोकळे सोडायचे. (जलरंगाला अॅक्रिलिकची स्थिर वीज त्रास देत नाही. कोळसा किंवा पेस्टल असतं तर काच घ्यावी लागली असती.)

तीन, आणि ही सगळ्यात वाईट : दोन चित्रं ‘हलत होती’ म्हणून त्यांना मागून मास्किंग टेप मारला. हेअर ड्रायरच्या कोमट झोतात, कागदाला समांतर ठेवून, मिलिमीटर-मिलिमीटरने काढला. टेप दोनच दिवसांचा होता म्हणून निघाला. चिकटा राहिला तो क्रेप रबराने गोळा केला. पुढच्या खेपेपासून चित्रं माउंटसकट बंद पाकिटात द्यायची आणि फ्रेम आपण समोर बसून भरायची.

११ ऑगस्ट

कारवीच्या मोठ्या चित्राच्या पाठीवर खालच्या कोपऱ्यात राखाडी लव. बुरशी. चित्र चित्रकाराच्या घरी प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, बाहेरच्या भिंतीला टेकवून होतं : पाऊस भिंतीत, भिंतीतून गारवा, गारव्याने फोल्डरमध्ये दव. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की बुरशीला आमंत्रणच.

चित्र लगेच पॉलिथिनच्या पिशवीत बंद करून बाकीच्यांपासून दूर नेलं. मग वेगळ्या खोलीत ४५ ते ५० टक्के आर्द्रतेत पिशवी उघडी करून सहा दिवस. लव ओलसर असताना घासली तर ती कागदात मुरते. वाळून भुकटी झाल्यावर एन-९५ मास्क लावून, गच्चीवर वाऱ्याच्या दिशेने, मऊ ब्रशने झटकली. ब्रश फेकून दिला. उन्हात ठेवा असा सल्ला दोघांनी दिला. कारवीचा जांभळा पाहता तो मानला नाही. स्पिरिटही नको, चित्राच्या त्या कोपऱ्यात रंग आहे. तपकिरी ठिपका राहिला आहे, माउंटच्या आड जातो. अवस्था-नोंदीत लिहिला.

२४ ऑगस्ट

पाट्या. मराठी नाव २४ पॉइंट, बाकी मजकूर १८. दालन मंद उजेडाचं असणार, १२ पॉइंट वाचायला लोक चित्राच्या अंगावर येतात.

प्रवेशाच्या फलकात दापोडीचा परिच्छेद घेतला : पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेत अलेक्झांडर गिब्सनने १८४७ ते १८५०च्या सुमारास इथल्या वनस्पतींची चित्रं काढून घेतली, ती आज एडिंबराच्या वनस्पती उद्यानात आहेत. काढणाऱ्या हाताचं नाव मात्र नोंदलेलं नाही. पहिल्या मसुद्यात ‘गिब्सनची चित्रं’ असं होतं, ते खोडलं.

५ सप्टेंबर

फ्रेमा आजच दालनात आणल्या. ७ तारखेला गणपती. त्यानंतर पेठेत टेम्पो घालायचा विचारही नको. छोटा हत्ती, दोन खेपा. फ्रेमा उभ्या, तोंडाला तोंड आणि पाठीला पाठ, मधे फोमची शीट. आडव्या रचल्या की खालच्या अॅक्रिलिकवर सगळं वजन येतं. गुंडाळ्या २४ तास उघडायच्या नाहीत.

टांगायचं विसर्जनानंतर. ढोल-ताशांची पथकं रस्त्यावरून जाताना या भिंती थरथरतात आणि एका खिळ्यावरची फ्रेम तिरकी होते. तोवर आतल्या खोलीत लाकडी मांडणीवर, खाली फोमच्या पट्ट्या.

८ सप्टेंबर

सकाळी आतल्या खोलीत आर्द्रता ७१ टक्के. यंत्र बिघडलं नव्हतं : हवा कोरडी करणाऱ्या यंत्राची टाकी पाच लिटरची, ती रात्री भरली आणि यंत्र आपोआप बंद पडलं. सुट्टीमुळे कोणी टाकी ओतली नाही. मागच्या तोंडाला नळी लावून ती मोरीत सोडली. नळीला उतार हवा, मधे पोट पडलं की पाणी उलट येतं. संध्याकाळी ५६. फ्रेमांच्या पाठी उघडून चार चित्रं पाहिली, ठीक आहेत. बंद फ्रेमच्या आत आर्द्रता सावकाश बदलते, त्याने वाचवलं.

१९ सप्टेंबर

टांगणी. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ सेंमी. फ्रेमची उंची ६०, कड्या वरच्या कडेपासून ८ सेंमी खाली, म्हणून स्क्रू १४५ + ३० − ८ = १६७ सेंमीवर. तार लावलेली नाही : दोन कड्या, दोन स्क्रू, म्हणजे फ्रेम तिरकी होत नाही. पण दोन्ही स्क्रू एका पातळीत यायलाच हवेत. सहाच्या बिटने भोक, गिट्टी, साडेतीनचा स्क्रू. जुन्या चुन्याच्या भिंतीत तीन ठिकाणी भोक मोठं झालं. तिथे गिट्टीला खळीत भिजवलेला कागद गुंडाळला, तो रात्रभर वाळू दिला. खालच्या कोपऱ्यांमागे ५ मिलिमीटरच्या रबरी गुंड्या, भिंत आणि फ्रेम यांच्यामधून हवा फिरायला.

२० सप्टेंबर

उजेड. दालनातल्या जुन्या एलईडींचा रंगदर्शक अंक (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप, कमाल १००) ८० चा. त्यात कळलावीचा लाल विटकरी दिसतो, कारण अशा दिव्यांत गडद लाल फार कमी असतो. ९५ च्या अंकाचे दिवे भाड्याने घेतले. दिवे उभ्या रेषेशी ३० अंशांत कललेले. पहिलं माप २१० लक्स. डिमरने खूप खाली आणले की दोन दिवे फडफडायला लागले. मग २४ अंशांच्या झोताच्या भिंगाऐवजी ३८ चं, जास्त पसरट झोताचं, लावलं आणि दिवे मागे सरकवले. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई. आता ४६ ते ५२.

५० लक्स हा आकडा कागदावर बरा वाटतो, पण रस्त्यावरून आत येणाऱ्याला अंधारच दिसतो. प्रवेशाचे तीन मीटर काळ्या कापडाने आणखी मंद केले, मग आतलं उजळ वाटतं. भिंत पांढरी न ठेवता राखाडी केली होती, त्याचाही उपयोग झाला. समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब वायतुऱ्यावर पडत होतं. वायतुरा आणि सोनकी यांची अदलाबदल.

२१ सप्टेंबर

उद्घाटन. समई, हार, उदबत्ती सगळं ओसरीवर. काजळी आत नको, आणि पुष्पगुच्छही नकोत : परागकण, किडे, पाणी. फुलांच्या प्रदर्शनात फुलांना बंदी म्हणून दोघे रुसले. छत्र्यांसाठी दारात दोन बादल्या.

माणूस तासाला साधारण ५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. ८० माणसं, दीड तास, सहा लिटर. एकदम आत घेतली नाहीत, पंचविसांच्या तुकड्या केल्या. तरी आर्द्रता ५४ वरून ६२ पर्यंत गेली, रात्री दहाला पुन्हा ५५.

विकलेल्या चित्राची लाल टिकली पाटीला लावायची, फ्रेमला नाही. पहिल्या दिवशी एक फ्रेमला लागली आणि पॉलिश घेऊन निघाली.

६ ऑक्टोबर

उतरवणी. प्रत्येक चित्र १५ जूनच्या फोटोंशी ताडून पाहिलं, तिरक्या उजेडातलं सुद्धा. कारवीचा ठिपका वाढलेला नाही. २०० ग्रॅमवाल्यांपैकी एकाला नवी लाट, उजव्या बाजूला. बिजागरी कडेला फार जवळ लागली होती, बदलायची. तेरड्यात डोळ्यांना फरक दिसत नाही. खिडकीतली ऑपेराची पट्टी मात्र आता जवळजवळ दुसराच रंग आहे, ती दोन्ही चित्रांच्या मालकांना दाखवली.

ओल शोषून नारिंगीची हिरवी झालेली सिलिका जेलची पुडकी १२० अंशांवर अडीच तास भाजून घेतली, परतीच्या पेट्यांत टाकली. ७६ भोकं लांबीने भरायची आहेत. राखाडी रंगाचा अर्धा डबा माळ्यावर ठेवला आहे.